तपकिरी कोटातली बाई

सप्टेंबर संपत आला की गेर्नोट व्हेंडलांटचं तोंड उतरायचं, हे आमच्या लुट्टनहागनात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीची मंडळी तळघरात सफरचंदं रचायची, खिडक्यांच्या फटी बुजवायची, थंडीच्या तयारीत मजेत असायची. हा मात्र कपाट उघडून गरम विजारींकडे रागाने बघत उभा राहायचा, जणू त्या विजारींनी त्याचं काही घोडं मारलं होतं.

गेर्नोट अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त भट्टीवाला. गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरघरात त्याने तीस वर्षं कोळसा ओढला. बाहेर उणे दहा, आत भट्टीपुढे हा कमरेच्या वर उघडा, हातात फावडं. कपडे त्याला नकोच असायचे. लोकर टोचते, कॉलर गळा आवळते, इलॅस्टिक पोटाला काचतं, अशी त्याची यादी लांबलचक होती. बाविसाव्या वर्षी रोझलशी लग्न झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात दोघं किनाऱ्यावरच्या पाटीपलीकडे गेली. त्यानंतर गेर्नोटचा जीव तिथेच गुंतला तो कायमचा.

आमच्या किनाऱ्यावर लाटा मोडायला लाकडी खुंटांच्या रांगा समुद्रात गेलेल्या आहेत. तेराव्या रांगेपाशी एक पाटी आहे, आणि पाटीपलीकडे कुणी कपडे घालत नाही. जुन्या देशात, म्हणजे पूर्व जर्मनी होतं तेव्हा, ही पाटी चौथ्या रांगेपाशी होती. मग देश बदलला, नोटा बदलल्या, पश्चिमेकडून पोहण्याच्या पोशाखातले पाहुणे आले, त्यांना अवघडल्यासारखं झालं, आणि पाटी नऊ रांगा मागे सरकली. देश आणि नोटा गेल्याचं गेर्नोटला फारसं वाटलं नाही. नऊ रांगा गेल्याचं मात्र तो अजून बोलून दाखवतो.

पाटीपलीकडचे रिवाज साधे. तिथे डॉक्टर असो की मासेवाला, सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. आडनाव विचारायचं नाही, धंदा विचारायचा नाही, घर कुठे ते विचारायचं नाही. आणि तिकडची गोष्ट पाटीच्या अलीकडे, गावात, काढायची नाही. उलट बाजूने, पाटीच्या अलीकडे उघडं यायचं नाही. हा शेवटचा नियम गेर्नोट इतका कडक पाळायचा की आइस्क्रीमच्या गाडीकडे तसंच धावत सुटलेल्या तरण्याताठ्या पोरांना तो दरडावून परत बोलवायचा. “ही पाटी आपण पाळली म्हणून टिकली,” असं तो प्रत्येकाला ऐकवायचा.

हिवाळ्यात त्याचे हाल असत, पण त्याने हार मानली नव्हती. घरातली कोळशाची शेगडी तो अशी पेटवायचा की खिडक्यांवर घाम फुटायचा, आणि मग दिवसभर नुसते लोकरी मोजे घालून वावरायचा. मोजे एवढ्यासाठी, की थंडी पायातून शिरते. भट्टीवाल्याला हे सांगावं लागत नाही. बटाटे तळताना तेवढा एप्रन बांधायचा, कारण एकदा धडा मिळाला होता. टपालवाली बाई घंटी वाजवून सावकाश वीसपर्यंत आकडे मोजायची, तोवर हा अंगावर झगा चढवून दार उघडायचा. सकाळी लाकडं आणायला बागेत जायचं तेही तसंच, बर्फ असलं तरी.

कुंपणापलीकडून शेजारच्या झाबेलबाई ओरडायच्या, “व्हेंडलांट, निदान काहीतरी घाला!”

“टोपी आहे की!” हा डोक्याकडे बोट दाखवायचा.

“मग जरा मोठी घ्या!”

रविवारी सकाळी नऊ ते दहा गावचा तरणतलाव उघड्याने पोहणाऱ्या त्याच्या क्लबासाठी राखून ठेवलेला असायचा. चौदा म्हातारेकोतारे काचेच्या छपराखाली गरम पाण्यात गोल गोल पोहायचे. अंगाला पाणी लागायचं, पण वारा लागायचा नाही. गेर्नोट काठावर बसून वरच्या राखाडी काचेकडे बघायचा, आणि अख्ख्या अंगावरून एकदम फिरणारा जूनमधला वारा आठवत राहायचा.

या वर्षी मात्र करमेनासं होण्याचं आणखी एक कारण होतं. तिचं नाव आनेग्रेट.

रोझलला जाऊन सात वर्षं झाली होती. आनेग्रेट किनाऱ्यावर यायला लागली त्याला पाच. गेर्नोटच्या जागेपासून दहा पावलांवर एक मोठा दगड आहे, तो तिचा. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, केस पांढऱ्या पोहण्याच्या टोपीत कोंबलेले, बाकी अंगावर ऊन. रोज सकाळी आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “पाणी कसं आहे?” गेर्नोट आधीच एक डुबकी मारून बसलेला असायचा. तो ठोकून द्यायचा, “एकोणीस.” खरं म्हणजे असायचं सतरा. दोन अंश तो नेहमी पदरचे घालायचा. आनेग्रेट भाबडेपणाने आत शिरायची, किंचाळायची आणि तिथूनच ओरडायची, “खोटारड्या!” पाच उन्हाळे रोज ती फसली. रोज कशी फसते, हा विचार गेर्नोटच्या डोक्यात कधी आला नाही. बाकी हुशार माणूस.

तिच्या खांद्यांवरचे ठिपके त्याला पाठ होते. गुडघ्याखाली सायकलवरून पडल्याची जुनी खूण होती. चालताना डावं पाऊल ती जरा बाहेर फेकायची आणि मग कमरेने पाय मागून ओढून घ्यायची. पण तिचे डोळे कुठल्या रंगाचे, केस काळे की पांढरे, हे विचारलंत तर त्याला सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी, सप्टेंबरच्या अठ्ठाविसाव्या तारखेला, वारा अडवायचा कापडी पडदा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “हिवाळा लांब असतो, गेर्नोट.”

“हो ना,” गेर्नोट म्हणाला.

“आणि गाव लहान आहे.”

“हो ना.”

तिने पडद्याची गाठ दोनदा बांधली, मग पिशवी उचलून टेकडीवरच्या वाटेने निघून गेली. गेर्नोट घरी आला, शेगडी पेटवली, बटाट्याचं सूप चुलीवर ठेवलं, आणि सूप उकळताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला काय विचारलं होतं. रोझल म्हणायचीच, याच्या बॉयलरला वाफ धरायला फार वेळ लागतो. त्याने कपाळावर हात मारून घेतला. पण आता करणार काय? आडनाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही. आणि गावात कुणाला विचारायचं म्हणजे पाटीपलीकडचं अलीकडे आणायचं.

तेव्हा तो नुसता बघत फिरू लागला. ऑक्टोबरभर, नोव्हेंबरभर. भाजीबाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर. बायका म्हणजे सगळ्या कोट, मफलर आणि टोप्या. त्यातून नाकाचा शेंडा दिसला तर दिसला. गेर्नोटला कोटांचा पहिल्यापासून राग होताच, आता त्या रागाला धार चढली.

नाताळाआधीच्या एका शनिवारी तो पाववाल्याच्या दुकानासमोर रांगेत उभा होता. रांग रस्त्यावर आलेली, गारठा कडाक्याचा, लोकरी कॉलर मानेला चावत होती. एक तपकिरी कोटातली बाई आली, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि अगदी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याच्याकडे बघून हसली. “आज फारच गारठा आहे, नाही?” म्हणाली.

गेर्नोटला वाटलं, घुसायला बघतेय. “बाई,” तो म्हणाला, “रांग तिकडून सुरू होते.”

तिचं हसू मावळलं. मग वळली आणि पाव न घेताच निघून गेली. गेर्नोट मनात म्हणाला, लोकांना हल्ली दोन मिनिटं उभं राहायला नको. घरी येऊन त्याने लोणी लावून पाव खाल्ला आणि त्या बाईला विसरून गेला.

एक जानेवारीला सकाळी अकरा वाजता आमच्याकडे पाटीपलीकडे डुबकी असते. दहाएक जण येतात, आरडाओरडा करत पाण्यात जातात, त्याहून मोठ्याने बाहेर येतात. या खेपेला गेर्नोट सगळ्यात आधी हजर झाला आणि सगळ्यांत शेवटी पाण्यात गेला, कारण तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. आनेग्रेट आली नाही. तो कुडकुडत बाहेर आला तशी ट्राउडलने त्याच्या हातात रम घातलेला चहा दिला. ट्राउडल क्लबाचं बाष्पस्नानाचं लाकडी खोपटं सांभाळते. बाई मापाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी.

“आपण पाटीच्या या बाजूला आहोत म्हणून बोलते,” ती म्हणाली. “तू मूर्ख आहेस.”

“आता काय केलं मी?”

“पाववाल्याच्या रांगेत तुझ्याशी एक बाई बोलली होती. तिला तू हाकललंस.”

“ती रांग मोडत होती!”

“ती आनेग्रेट होती, गाढवा.”

गेर्नोटच्या हातातला चहा हिंदकळून पायावर सांडला. तो गरम होता हे त्याला नंतर कळलं.

“परवा खोपट्यात येऊन बसली होती,” ट्राउडल म्हणाली. “म्हणत होती, मला वाटलं होतं हा तरी वेगळा असेल. उन्हात ‘तू’, आणि गावात ओळखही द्यायची नाही. शनिवारी चाललीय ती. बहिणीकडे, फ्रायबुर्गला. कायमची.”

“फ्रायबुर्गला समुद्र कुठे आहे?”

“नाहीच. तेच तर सांगतेय.”

“तिचं आडनाव काय?”

“मला काय ठाऊक? ती क्लबाची सभासद कधी झालीच नाही. दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्याने फिरते म्हणाली होती, तेवढं माहीत आहे. जा, गाठ तिला.”

“पण ओळखू कशी?”

ट्राउडलने चहाची किटली खाली ठेवली. “पाच वर्षं बघतोयस ना तिला?”

“कोटात नाही बघितलं,” गेर्नोट म्हणाला. ट्राउडलने त्याच्या कपात आणखी थोडी रम ओतली.

मंगळवारी बारा वाजता गेर्नोट सगळा बंदोबस्त करून, म्हणजे दोन विजारी, स्वेटर आणि कोट घालून, किनाऱ्यावर गेला. साठीपुढच्या बायका आणि तपकिरी कोट यांची आमच्या गावात सरसकट जोडी आहे. पहिला तपकिरी कोट समोरून आला. त्याने धीर करून म्हटलं, “आनेग्रेट, मला माफ कर. मी तुला ओळखलं नाही.”

“अजूनही ओळखलेलं नाही,” कोट म्हणाला. ती औषधांच्या दुकानवाल्याची बायको होती. “आणि अरेतुरे कुणाला करता हो?”

दुसरा कोट त्याला बघून वाटच बदलून गेला.

त्या संध्याकाळी शेगडीपुढे बसून त्याने नीट विचार केला. तिला मी ओळखत नाही, पण मला ती ओळखते. आणि या कोटात दिसलो तर तिला तोच दिसणार, रांगेतला. तिने माझ्याकडे यावं असं वाटत असेल तर मला मीच दिसायला हवं.

म्हणून बुधवारी तो त्याच्या उन्हाळ्यातल्या जागी गेला. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा वाऱ्याचा पडदा ठोकला, गवती चटई अंथरली, सगळे कपडे काढून घडी करून ठेवले आणि टोपी-मोज्यांवर समुद्राकडे तोंड करून बसला. उणे चार होतं. त्याचं सगळं ठरलेलं होतं: दहा मिनिटं बसायचं, मग झपाझप चालायचं, कपडे घालून थर्मासमधला चहा प्यायचा, आणि परत काढायचे. जानेवारीतल्या वाऱ्यात जूनमधलं काही नव्हतं. तो बसला तसा बसला आणि दगडाकडे बघत राहिला. त्या दिवशी कुणी आलं नाही.

गुरुवारी कुत्रा फिरवणारा एक तरुण थांबला. “आजोबा, उन्हाळा संपला. कुणी सांगितलं नाही का?”

“सांगतात सगळे,” गेर्नोट म्हणाला. “पण माझा विश्वास बसत नाही.”

शुक्रवारी पहाटे बर्फ पडलं, घोट्यापर्यंत. शुक्रवार म्हणजे शेवटचा दिवस. चर्चची बाराची घंटा झाली आणि दूरवरून पाण्याच्या कडेने तीन कोट येताना दिसले. तिघींच्या टोप्या भुवयांपर्यंत. गेर्नोट डोळे बारीक करून बघत होता, आणि एकाएकी तो चटईवर गुडघ्यांवर उठला. रस्त्यावर बूट घातलेली सगळी माणसं सारखीच चालतात. पण ताज्या बर्फात पाय रुततो, आणि माणूस वाळूत चालतो तसाच चालायला लागतो. सगळ्यांत मागची बाई डावं पाऊल बाहेर फेकत होती आणि कमरेने पाय ओढून घेत होती.

पुढच्या दोघी त्याला बघून लगबगीने निघून गेल्या. ती आली, दहा पावलांवर थांबली, हातमोज्याने दगडावरचं बर्फ झाडलं आणि समुद्राकडे तोंड करून बसली.

“पाणी कसं आहे?” तिने विचारलं.

“चार,” गेर्नोट म्हणाला. दोन होतं.

“खोटारड्या.” पण तिने मान वळवली नाही. “रांगेत मला बाई म्हणालास.”

“कोटाला म्हणालो.”

“कोटात मी होते.”

“मला ते कळायला हवं होतं,” तो म्हणाला. त्याचे दात वाजायला लागले होते. “आनेग्रेट, सप्टेंबरपासून मी प्रत्येक कोटात तुला शोधतोय. घरी शेगडी पेटवतो, अंगाला ऊब लागते, पण करमत नाही. वाटायचं, दरवर्षीसारखी उन्हाळ्याची ओढ असेल. नाही. तुझी होती.”

ती आता वळली. टोपीखाली करड्या केसांची एक बट होती, आणि डोळे, त्याने पहिल्यांदाच पाहिले, हिरवट होते. ते भरून आले होते.

“फार उशिरा सांगितलंस रे,” ती म्हणाली. “सामान पुढे गेलं. बहीण एकटी आहे, आजारी असते, तिला शब्द दिलाय. उद्या सकाळची गाडी आहे.”

शब्द दिलेल्या माणसाला थांब म्हणणं त्याला जमणारं नव्हतं. ती उठली, जवळ आली, त्याची टोपी दोन्ही हातांनी कानांवर नीट ओढली. “कपडे घाल. मरशील,” म्हणाली, आणि टेकडीवरच्या वाटेने निघाली.

तो बघत राहिला. ती वाटेच्या वळणापाशी पोचली तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या खेपेला सूप उकळायची वाट बघावी लागली नाही. आडनाव! पाच उन्हाळे, एक हिवाळा, आणि आत्ताही त्याने आडनाव विचारलं नव्हतं. त्याने विजारीला हात घातला. बोटं बधिर, बटणं गोठलेली, खाली आणखी एक विजार, मग बुटांच्या नाड्या. तेवढ्यात ती बसमध्ये बसून गेली असती.

तो धावत सुटला.

पाटीपाशी त्याचे पाय क्षणभर अडखळले. सेहेचाळीस वर्षांत त्याने ती उघड्याने कधी ओलांडली नव्हती. मग टोपी डोक्यावरून काढून जिथे धरायला हवी तिथे धरली, आणि मोज्यांनिशी लाकडी पायऱ्या चढून वरच्या रस्त्यावर आला. तिथे अर्धं गाव दुपारचं फिरायला आलेलं. औषधवाल्याची बायको मासा घातलेला पाव खात होती, तिचा घास तोंडातच राहिला.

“अहो व्हेंडलांट!”

“आनेग्रेट!” गेर्नोट ओरडला. “आडनाव! तुझं आडनाव काय?”

बसथांब्याकडे चाललेली तपकिरी कोटातली बाई थांबली, वळली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग खाली दूर दिसणाऱ्या पाटीकडे बघितलं. तो काय करून आला आहे, ते त्या रस्त्यावर तिच्याइतकं कुणाला कळलं नसेल. ती चालत परत आली, भर रस्त्यात तिने कोटाची बटणं सोडली आणि एक बाजू उघडून धरली.

“ये आत,” ती म्हणाली. “मेलास तर मला पत्र कोण लिहिणार?”

गेर्नोट आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन एका कोटात शिरला. आत ती होती, आणि ती थरथरत होती.

“टीमान,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “आनेग्रेट टीमान. पत्ता लिहून घे.”

“कशावर? मला खिसा नाही.”

ती हसली आणि रडलीही. पर्समधून पेन काढून तिने त्याचा डावा हात ओढला आणि मनगटापासून कोपरापर्यंत नाव, गल्ली, घराचा नंबर आणि गाव लिहिलं. थंडीने लाल झालेल्या कातडीवर शाई नीट उठेना, तेव्हा प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. खाली लिहिलं, जूनमध्ये येते.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी वेळेवर गेली. गेर्नोट फलाटावर होता, दोन विजारी आणि कोट घालून, कारण झाबेलबाईंनी त्याला तसं घातल्याशिवाय घरातून सोडलंच नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो बराच वेळ उभा होता. जून खूप लांब होता, आणि फ्रायबुर्ग त्याहून लांब.

पत्ता त्याने घरी तीन ठिकाणी उतरवून ठेवला होता: डायरीत, कॅलेंडरवर आणि रोझलच्या फोटोच्या मागे. तरी त्या रविवारी तरणतलावात तो तासभर एकाच हाताने पोहला. डावा हात पाण्याच्या वर धरून.